अकरावा खेळाडू कुठून येतो?

११ जुलै २०१०, जोहान्सबर्गचं सॉकर सिटी. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सविरुद्ध उतरलेला स्पेनचा संघ आठवून बघा. गोलमध्ये कॅसिलास. बचावात रामोस, पिके, पुयोल. मधल्या फळीत बुस्केट्स, झाबी अलोन्सो, झावी, इनिएस्टा. पुढे पेद्रो आणि व्हिला. दहा झाले. फुटबॉल कोळून प्यायलेली माणसंसुद्धा इथे अडखळतात. डावा बॅक कोण होता रे?

जोआन कापदेविला. त्या स्पर्धेतले सातही सामने तो सुरुवातीपासून खेळला. त्याआधी २००८ चा युरो चषक जिंकणाऱ्या संघातही डावीकडे तोच होता. तरी नाव आठवत नाही. याचं एक कारण त्याच्या जागेत आहे: डाव्या बॅकचं काम नीट झालं की ते दिसतच नाही. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बाकीच्या दहांपैकी सहा बार्सिलोनाचे, तीन रेआल माद्रिदचे, आणि व्हिलाला बार्सिलोनाने स्पर्धा सुरू व्हायच्या आधीच व्हॅलेन्सियाकडून विकत घेतलेलं. उरला एकटा कापदेविला, व्हिलारेआलचा. व्हिलारेआल म्हणजे भूमध्य समुद्राजवळचं, फरशांच्या कारखान्यांसाठी ओळखलं जाणारं, पन्नास हजार वस्तीचं गाव. आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढं.

त्या विजयाचा जो अर्थ जगाने लावला तो आपल्यापर्यंतही पोचला. दोन श्रीमंत क्लब उभे करा, त्यांना तारे द्या, टीव्ही द्या, की देशाचं फुटबॉल आपोआप वर येतं. भारतात इंडियन सुपर लीग (आयएसएल) सुरू झाली तेव्हा मनात थोडाफार हाच हिशेब होता, फक्त दोनाच्या जागी आठ. माझं म्हणणं याच्या उलट आहे. देशाचं फुटबॉल घडतं ते मधल्या क्लबांत. ज्यांना दरवर्षी विजेतेपदाची आशा नसते, पण वर जायची वाट मोकळी असते, अशा गावोगावच्या क्लबांत. तिथपर्यंत पैसा पोचावा म्हणून नियम करावे लागतात. स्पेनला हे उशिरा का होईना कळलं आणि त्यांनी कायदा केला. आपण नेमक्या त्याच वर्षांत आपले मधले क्लब बुडू दिले. कापदेविलाची कारकीर्द या दोन्ही गोष्टींना शिवून जाते.

त्याचा जन्म १९७८ चा, कातालोनियातल्या यैदा प्रांतातल्या तारेगा या छोट्या गावातला. कातालोनियातला पोरगा म्हटल्यावर बार्सिलोनाची अकादमी डोळ्यांसमोर येते. हा घडला एस्पान्योलमध्ये, त्याच शहरातल्या दुसऱ्या क्लबमध्ये. बार्सिलोना शहरात एस्पान्योलचा असणं म्हणजे काय, हे ज्यांनी कायम जिंकणाऱ्या शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लावून संसार केलाय त्यांनाच कळेल. कापदेविला वरच्या संघात आला १९९८ मध्ये. त्याच्या एक वर्ष आधी क्लबने आपलं सारिया मैदान विकलं होतं, कर्ज फेडण्यासाठी. हे तेच मैदान, जिथे १९८२ च्या विश्वचषकात पाओलो रॉसीने तीन गोल मारून झिको-सॉक्रेटिसच्या ब्राझीलला घरी पाठवलं. मैदान पाडलं, जागेवर इमारती उभ्या राहिल्या, आणि एस्पान्योल पुढची बारा वर्षं मोंजुइकच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये उपऱ्यासारखा खेळत राहिला. कापदेविलाची सुरुवात या उपऱ्या मैदानावरची.

एका हंगामानंतर तो अ‍ॅटलेटिको माद्रिदला गेला. वर्ष १९९९. तीनच वर्षांपूर्वी या क्लबने लीग आणि चषक दोन्ही जिंकले होते. अध्यक्ष हेसुस गिल यांच्या कारभाराची चौकशी सुरू होती आणि त्या डिसेंबरात न्यायालयाने क्लब आपल्या ताब्यात घेऊन प्रशासक नेमला. हासेलबाइंकने त्या हंगामात लीगमध्ये २४ गोल मारले, आणि तरीही अ‍ॅटलेटिको दुसऱ्या श्रेणीत उतरला. २४ गोल मारणारा फॉरवर्ड संघात असताना! घरात कमावता माणूस असूनही घर बुडतं ते कारभारामुळे, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायची गरज नाही. त्याच मे महिन्यात व्हॅलेन्सियाला स्पॅनिश चषकाचा अंतिम सामना झाला आणि त्यात अ‍ॅटलेटिकोला हरवलं कुणी, तर एस्पान्योलने. ज्या क्लबमधून कापदेविला निघाला त्यांनी साठ वर्षांनी चषक उचलला. ज्या क्लबमध्ये तो गेला तो खाली गेला. त्याच वर्षी सिडनी ऑलिम्पिकला स्पेनने कॅमेरूनविरुद्ध पेनल्टीवर सुवर्ण गमावलं, त्या संघातही हा होता. झावी, पुयोल आणि मार्चेना त्याच संघातले. एका वर्षात एवढं नशीब पुरेसं झालं.

मग डेपोर्टिवो ला कोरुन्या, आणि इथे कारकिर्दीतली सगळ्यात भरीव सात वर्षं. गालिसियातलं, अटलांटिकच्या काठावरचं अडीच लाख वस्तीचं शहर. २००० मध्ये या क्लबने लीग जिंकली होती. पुढची चार वर्षं ते पहिल्या तीनांत होते. २००२ च्या मार्चमध्ये रेआल माद्रिदने आपल्या शतकपूर्तीच्या दिवशी, आपल्याच बेर्नाबेउ मैदानावर, चषकाचा अंतिम सामना ठरवून घेतला होता. समारंभाची तयारी झाली होती. डेपोर्टिवोने तो २-१ असा जिंकला आणि यजमानांच्या वाढदिवसाचा केक खाऊन परत गेले. २००४ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत मिलानकडून ४-१ हरून आल्यावर घरच्या रियासोर मैदानावर त्यांनी मिलानला ४-० धुतलं. तो सामना पाहिलेला माणूस आजही त्याबद्दल बोलताना खुर्चीत पुढे सरकतो.

कापदेविला इथे आला तेव्हा डावा बॅक म्हणून रोमेरो होता आणि याला बाकावर बसावं लागायचं. पण बाकावर बसलेल्या खेळाडूलाही रोजच्या सरावात पहिल्या दर्जाच्या उजव्या विंगर्सशी दोन हात करावे लागतात. वयाच्या बावीसपासून एकोणतिसापर्यंत त्याला हे मिळालं. रेआल माद्रिदच्या बाकावर तो कुजला असता असं मी म्हणणार नाही, पण तिथे त्याला सात वर्षं कुणी ठेवलंच नसतं.

डेपोर्टिवोचं पुढे काय झालं? सोन्याचे दिवस उधारीवर आणलेले होते. २०१३ मध्ये क्लबने दिवाळखोरीसाठी अर्ज केला, दीडशे दशलक्ष युरोंच्या वर देणं निघालं, आणि २०२० मध्ये लीगविजेता क्लब तिसऱ्या श्रेणीत जाऊन पडला.

कापदेविला २००७ मध्ये व्हिलारेआलला गेला आणि पहिल्याच हंगामात या क्लबने लीगमध्ये दुसरं स्थान मिळवलं, बार्सिलोनाच्या दहा गुण पुढे. प्रशिक्षक पेलेग्रिनी, अध्यक्ष फरशांच्या धंद्यातले फर्नांदो रोइग. क्लब बऱ्यापैकी हिशेबाने चालवलेला. तरी २०१२ मध्ये तोही खाली उतरला, कापदेविला बेन्फिकाला गेल्यानंतर वर्षभरात. एका वर्षात परतला, ही गोष्ट वेगळी.

आता हे सगळं एका ओळीत ठेवा. मैदान विकलेला क्लब, न्यायालयाने ताब्यात घेतलेला क्लब, दिवाळखोर झालेला क्लब, एका वाईट वर्षाने खाली गेलेला क्लब. जगज्जेत्या संघाचा डावा बॅक या चार क्लबांनी घडवला. चौघांतल्या एकाचाही हिशेब धड नव्हता किंवा धड टिकला नाही. यातला काही भाग त्यांच्याच उधळपट्टीचा, हे मान्य. गिल यांच्या कारभाराची वकिली कुणी करू नये. पण दुसरा भाग व्यवस्थेचा होता.

स्पेनमध्ये त्या काळी प्रत्येक क्लब आपले टीव्हीचे हक्क स्वतंत्रपणे विकायचा. २०१० च्या आसपास बार्सिलोना आणि रेआल माद्रिद यांना यातून प्रत्येकी साधारण १४० दशलक्ष युरो मिळत. तळाच्या क्लबांच्या हाती त्याच्या एक दशांशाच्या आसपास पडत. इंग्लंडमध्ये पहिल्या आणि शेवटच्या क्लबमधला हा फरक दुपटीचाही नव्हता. कालव्याच्या तोंडाशी ऊस आणि शेपटाच्या गावात टँकर, हा प्रकार ज्यांनी पाहिलाय त्यांना स्पॅनिश लीगचा हा हिशेब लगेच कळेल. तोंडाशी असलेल्यांचं उत्तरही ओळखीचं होतं: पाणी आमच्या मेहनतीचं आहे, लोक आमचेच सामने बघतात. ते खरंही होतं. पण लोक बार्सिलोनाचा सामना बघतात तेव्हा समोर कुणीतरी उभं असावं लागतं. एकट्या बार्सिलोनाचा सराव टीव्हीवर कोण बघणार?

याचा परिणाम राष्ट्रीय संघावर कसा दिसतो ते बघायला एक साधा तक्ता पुरेसा आहे. २००८ च्या युरोचा अंतिम सामना, व्हिएन्ना. कॅसिलास, रामोस, पुयोल, मार्चेना, कापदेविला, सेना, इनिएस्टा, झावी, फाब्रेगास, सिल्वा, तोरेस. तीन बार्सिलोनाचे, दोन रेआलचे. मार्चेना आणि सिल्वा व्हॅलेन्सियाचे, कापदेविला आणि मार्कोस सेना व्हिलारेआलचे, आणि दोघे इंग्लंडमध्ये खेळणारे. म्हणजे त्या संघात पन्नास हजार वस्तीच्या गावचे जितके खेळाडू होते तितकेच माद्रिदच्या राजेशाही क्लबचे. दोनच वर्षांनी, २०१० मध्ये, अकरांतले नऊ दोन क्लबांचे, व्हिला धरला तर दहा.

इथे एक आक्षेप येणार आणि तो रास्त आहे. बार्सिलोनाचे ते सहाजण दुसऱ्यांनी घडवलेले नव्हते. झावी, इनिएस्टा, बुस्केट्स, पेद्रो, पुयोल, पिके हे त्यांच्याच ला मासिया अकादमीतून आलेले. खेळाची ती सगळी भाषा, छोटे पास, चेंडू न सोडणं, तिथलीच. हे श्रेय कमी करण्यात मला रस नाही. पण उरलेले बघा. रामोस सेव्हियाचा पोरगा. अलोन्सो रेआल सोसिएदादचा. व्हिला गिखोनचा, मग सारागोसा, मग व्हॅलेन्सिया. अंतिम सामन्यात ज्याच्या धावेतून तो ११६ व्या मिनिटाचा गोल सुरू झाला तो बदली खेळाडू हेसुस नावास, सेव्हियाचाच. दोन मोठ्या क्लबांनी मधल्या क्लबांच्या शेतातलं उभं पीक विकत घेतलं होतं. पेरणी कुणाची होती हे सातबाऱ्यावर कुणी बघितलं नाही.

त्या अंतिम सामन्यात कापदेविलाच्या समोर कोण होता? आर्येन रॉबेन. त्याची चाल सगळ्या जगाला पाठ होती: उजव्या कडेने यायचं, चेंडू डाव्या पायावर घ्यायचा, आत वळायचं, लांबच्या कोपऱ्यात मारायचं. पाठ असूनही अडवता येत नसे. याच स्पर्धेत स्लोव्हाकियाविरुद्ध त्याने असाच आत वळून गोल केला होता. आणि कापदेविलाची अडचण दुहेरी होती. स्पेनचा डावीकडचा पुढचा खेळाडू, मग तो व्हिला असो, पेद्रो असो की इनिएस्टा, सतत आत सरकायचा. म्हणजे ती अख्खी कड, रेघेपासून रेघेपर्यंत, याची एकट्याची. स्पेनचा हल्ला चालू असताना वर जाऊन कड रुंद ठेवायची, कारण ती रुंद नसेल तर मध्ये झावीला पास द्यायला फटच मिळत नाही. चेंडू गेला की मागे वळून रॉबेनच्या आतल्या बाजूला उभं राहायचं. पलीकडे रामोस मन मानेल तेव्हा पुढे धावायचा. तो धावू शकायचा कारण हा मागे थांबायचा.

त्या रात्री रॉबेनला दोन मोठ्या संधी मिळाल्या. ६२ व्या मिनिटाला स्नायडरच्या पासवर तो एकटा सुटला आणि कॅसिलासच्या पायाने स्पेनला वाचवलं. ८३ व्या मिनिटाला पुयोलच्या पुढे धावून गेला, पुन्हा कॅसिलास. दोन्ही संधी मधून आल्या, कडेने नाही. सगळे फोटो कॅसिलासचे छापले गेले, आणि ते योग्यच. पण रॉबेनला आपली कड सोडून मध्ये संधी शोधायला जावं लागलं, यामागे कुणाची तरी १२० मिनिटांची मजुरी होती. त्या अख्ख्या स्पर्धेत स्पेनने दोनच गोल खाल्ले आणि बाद फेरीतले चारही सामने १-० असे जिंकले. १-० ने चार सामने जिंकणाऱ्या संघाचं कौतुक हल्ल्याच्या नावाने होत राहिलं, याची मला नेहमी गंमत वाटते.

स्पेनमध्ये पुढे भांडण पेटलं. सेव्हियाच्या अध्यक्षांपासून अनेकांनी दोन क्लबांच्या मक्तेदारीवर तोंड उघडलं. शेवटी ३० एप्रिल २०१५ ला सरकारने अध्यादेश काढला. टीव्ही हक्क लीगने एकत्र विकायचे. पहिल्या श्रेणीच्या वाट्यातला निम्मा पैसा सर्वांना समान, पाव भाग मैदानावरच्या कामगिरीवर, पाव भाग क्लबच्या लोकाधारावर. पहिल्या आणि शेवटच्या क्लबमधला फरक साडेचार पटींपेक्षा जास्त नको, आणि उत्पन्न वाढलं की ही मर्यादाही खाली. दुसऱ्या श्रेणीलाही ठरलेला हिस्सा. लक्षात घ्या, हे लीगने सद्भावनेने केलेलं नाही. सरकारला कायदा करावा लागला.

२०२४ चा युरो स्पेनने जिंकला तेव्हाचा अंतिम सामन्याचा संघ पाहिला तर बार्सिलोना आणि रेआल मिळून सुरुवातीच्या अकरांत दोघे: यामाल आणि कार्वाहाल. उनाई सिमोन आणि निको विल्यम्स बिल्बाओच्या अ‍ॅथलेटिकचे, ल नॉर्मां रेआल सोसिएदादचा. ८६ व्या मिनिटाला विजयी गोल सोसिएदादच्या ओयार्साबालचा, आणि त्याला पास दिला डाव्या बॅकने. मार्क कुकुरेया. हाही कातालोनियाचा, लहानपणी एस्पान्योलमध्ये खेळलेला, पुढे बार्सिलोनाच्या अकादमीत गेलेला. पण बार्सिलोनाच्या वरच्या संघात त्याला जागा झाली नाही. तो पहिल्या श्रेणीचा खेळाडू झाला एइबारमध्ये आणि हेताफेमध्ये. एइबार बास्क डोंगरातलं, तीस हजारही वस्ती नसलेलं गाव. २०१५ चा अध्यादेश निघाला म्हणून २०२४ चा चषक आला, असं सरळ गणित मी मांडणार नाही. मधे प्रशिक्षण, परदेशी क्लब, नशीब, यामाल नावाचं सोळा-सतरा वर्षांचं आश्चर्य, असं बरंच काही आहे. पण एइबारसारखा क्लब सलग सात हंगाम पहिल्या श्रेणीत तग धरून राहिला नसता, तर कुकुरेयाला शिकायला जागा कुठे होती, एवढा प्रश्न तरी विचारावा लागेल.

आता गुवाहाटी. ऑक्टोबर २०१४. इंडियन सुपर लीगचा पहिला हंगाम, आठ संघ, दहा आठवड्यांचा मामला. प्रत्येक संघाला एक बडं नाव हवं होतं. दिल्लीकडे देल पिएरो, पुण्याकडे त्रेझेगे, गोव्याकडे पिरेस, मुंबईकडे ल्युंगबर्ग, चेन्नईकडे एलानो, कोलकात्याकडे लुइस गार्सिया, केरळकडे गोलरक्षक डेव्हिड जेम्स. आणि नॉर्थईस्ट युनायटेडकडे छत्तीस वर्षांचा जोआन कापदेविला. आठांमधला एकमेव बचावपटू. त्यांनी पहिला सामना केरळविरुद्ध १-० असा जिंकला, आणि हंगामाच्या शेवटी ते तळाला होते.

मला या निवडीचं खरं तर कौतुक आहे. ज्या भागातून भारताला एवढे खेळाडू मिळतात, तिथल्या क्लबने पोस्टरवर शोभणारा फॉरवर्ड न आणता काम करणारा बॅक आणला. पण तिथला कुणी उगवता डावा बॅक त्याच्याकडून दहा आठवड्यांत काय शिकणार? कापदेविलाला स्वतःला रोमेरोच्या मागे बसून वर्षानुवर्षं लागली होती. त्याची किंमत त्याच्या चेहऱ्यात नव्हती, ती तारेगा ते व्हिलारेआल या रस्त्यात होती. आपण चेहरा भाड्याने आणला आणि त्याच सुमारास आपल्याकडचा तसा रस्ता उखडून टाकला.

हे उगाच म्हणत नाही. २००७-०८ ते २०१२-१३ या सहा वर्षांत आय-लीग, म्हणजे देशाची तेव्हाची अव्वल लीग, कुणी जिंकली बघा: डेंपो, चर्चिल ब्रदर्स, डेंपो, साळगावकर, डेंपो, चर्चिल ब्रदर्स. सहाच्या सहा वेळा गोवा. पंधरा लाखांच्या आसपास वस्तीचं राज्य. २०१२-१३ च्या हंगामात चौदा संघांपैकी चार गोव्याचे आणि चार महाराष्ट्राचे: पुणे एफसी, मुंबई एफसी, एअर इंडिया, ओएनजीसी. चर्चिल पहिला, पुणे दुसरा. देशाच्या अव्वल लीगमधले अर्ध्याहून जास्त संघ कोकण रेल्वेच्या आणि डेक्कन क्वीनच्या टप्प्यातले होते. महेश गवळी आणि समीर नाईक यांच्यासारखे बचावपटू प्रशिक्षक आर्मांदो कुलासोंच्या डेंपोत वर्षानुवर्षं एकत्र खेळले आणि भारताच्या संघातही होते. त्यांची पोस्टर्स कुणी लावली नाहीत. आपले कापदेविला तेच.

पाच वर्षांनी, २०१७-१८ च्या आय-लीगमध्ये या आठांतला एकटा चर्चिल उरला. पुणे एफसी २०१५ मध्ये बंद झाला. त्यांची अकादमी आयएसएलच्या पुणे सिटीने घेतली, आणि २०१९ मध्ये तो पुणे सिटीही गेला. पुण्यातलाच भारत एफसी एक हंगाम खेळून संपला. मुंबई एफसी २०१७ मध्ये खाली उतरला आणि परत दिसला नाही. डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिघांनी २०१६ मध्ये आय-लीगमधून अंग काढून घेतलं. कारण उघड होतं. आयएसएल अव्वल होणार आणि तिच्यात शिरायचं तर खेळून नाही, फ्रँचायझीचे पैसे भरून, असा आराखडा अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने पुढे केला होता. पाच राष्ट्रीय विजेतेपदं जिंकलेल्या डेंपोसारख्या क्लबला सांगितलं गेलं, तुम्ही जिंकलात तरी वर जागा नाही.

दोष सगळा आयएसएलचा नाही. एअर इंडिया आणि ओएनजीसी परवान्याच्या निकषांत बसले नाहीत म्हणून आधीच बाहेर गेले होते. महिंद्र युनायटेड त्याच्याही आधी, २०१० मध्ये, मालकांच्या निर्णयाने बंद झाला. कंपनीच्या मर्जीवर चाललेला क्लब कंपनीच्या मर्जीने बंद पडणारच. आणि आयएसएलने दिलंही बरंच: बरी मैदानं, बरे पगार, टीव्हीवर नीट दिसणारा खेळ, फिजिओ नावाची चीज. गवळी-नाईकांच्या पिढीला हे मिळालं नाही. जुन्या दिवसांचे कढ काढणाऱ्यांनी कूपरेजच्या रिकाम्या कट्ट्यांवर बसून बघितलेले सामनेही आठवावेत.

पण प्रश्न वाटेचा आहे. आय-लीगच्या विजेत्याला आयएसएलमध्ये बढती मिळायला २०२३ साल उजाडलं. खाली उतरणं तर २०२४-२५ च्या हंगामापर्यंत आलंच नाही. वरच्यांना पडायची भीती नव्हती आणि खालच्यांना चढायची जागा जेमतेम एक. मधे जो थर असायला हवा तो नाहीच. निकाल मैदानावर दिसतात. जानेवारी २०२४ च्या आशियाई चषकात भारत तिन्ही सामने हरला, एकही गोल न करता. ऑक्टोबर २०२५ मध्ये मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरकडून १-२ हरून पुढच्या आशियाई चषकाची आशाही संपली. ज्या राज्याने सलग सहा वर्षं देशाचा विजेता दिला, त्याच्याच मैदानावर.

कोल्हापूरकर इथे हात वर करतील. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की उभं राहायला जागा मिळत नाही. पेठांच्या, तालमींच्या नावाने चालणारे क्लब, पिढीजात ईर्षा, पदरचे पैसे मोडणारे कार्यकर्ते. स्पेनमध्ये एइबार याच मालमसाल्यावर उभा राहिला. फरक एवढाच, एइबारला तिसऱ्या श्रेणीतून दुसरीत आणि दुसरीतून पहिलीत खेळून जाता आलं, आणि पहिलीत गेल्यावर टीव्हीचा ठरलेला वाटा मिळाला. कोल्हापूरच्या तालमीने शहरातली स्पर्धा जिंकली की पुढच्या वर्षी पुन्हा तीच स्पर्धा. चांगला पोरगा निघाला तर तो एकटा बाहेर जातो. क्लब जागच्या जागी.

२०२५ मध्ये महासंघाचा व्यापारी भागीदाराशी असलेला पंधरा वर्षांचा करार संपत आला तेव्हा आयएसएलचा हंगामच लांबणीवर पडला, आणि नव्या निविदेला कुणी बोली लावली नाही. अनेकांनी ही शोकांतिका मानली. मला ती वाटाघाटीची संधी वाटली, कारण इतकी वर्षं ज्या भागीदारापुढे बोलायची सोय नव्हती त्याचाच करार संपत होता. नवा करार ज्याच्याशी होईल त्याच्याशी होवो. त्यात चार गोष्टी शाईने लिहून घ्याव्यात: वरच्या श्रेणीतून दरवर्षी किमान एक संघ खाली, खालून एक वर, फ्रँचायझी शुल्काची अट त्याच्या आड येणार नाही. प्रक्षेपणाच्या पैशातला निम्मा भाग समान. ठरलेला हिस्सा दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीला. आणि खेळाडू वरच्या संघात गेला की ज्या क्लबने त्याला बारा ते अठरा वर्षांपर्यंत घडवलं त्याला मोबदला. जागतिक महासंघाचे याबाबतचे नियम आहेतच, पण आपल्याकडे पेठेतला क्लब कागदपत्रं नीट ठेवत नाही आणि मोठा क्लब मागितल्याशिवाय देत नाही. हे काम राज्य संघटनेचं. तिने एक कारकून फक्त नोंदी ठेवायला बसवला तरी पुष्कळ होईल.

पैसा आधीच कमी आहे, त्यात वाटणी कसली, असं मोठे क्लब म्हणतील. स्पेनमध्येही हेच म्हणाले होते. आणि आपल्याकडे कुणी कायदा करणार नाही, हेही मला ठाऊक आहे. कायद्याची गरज पडू नये इतका साधा करार आहे हा, पण त्यासाठी टेबलाच्या महासंघाकडच्या बाजूला बसणाऱ्यांत निदान एक तरी माणूस डेंपोच्या, चर्चिलच्या किंवा एखाद्या तालमीच्या हिशेबाच्या वह्या स्वतः चाळलेला असायला हवा.